जयगडच्या रुग्णाचा पुरावा कोण गोळा करणार?

जयगडच्या बंदरावर रात्री एखाद्या खलाशाच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि माणसांनी त्याला उचलून जवळच्या डॉक्टरांकडे आणलं, तर डॉक्टर सगळ्यांत आधी ॲस्पिरिनची गोळी चावायला देतात. ईसीजीची सोय असली तर पट्टी काढतात, मग फोन, मग गाडी. रत्नागिरी तिथून वळणावळणाच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळला उतरावं तर पुढे गुहागर तालुका आणि चिपळूणचा आणखी लांबचा पल्ला, शिवाय बोट काही रात्रभर चालत नाही. म्हणजे पहिला तास-दीड तास या माणसाचा जीव सांभाळणाऱ्या गोष्टींत ती स्वस्त गोळी सर्वांत मोलाची असते. ती द्यायची हे आज दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा सांगेल. १९८८ च्या आधी मात्र हे जगात कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी आयसिस-२ या चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले. १६ देशांतली ४१७ रुग्णालयं, हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नव्हतं, चिठ्ठी टाकावी तसं ते ठरत होतं. काहींना शिरेतून स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध, काहींना महिनाभर ॲस्पिरिन, काहींना दोन्ही, आणि काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी. पाच आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के दगावले होते. दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. नुसत्या ॲस्पिरिननेही मृत्यू स्पष्टपणे कमी झाले होते.

या आकड्यांच्या मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. ४१७ रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कबूल केलं की यातलं कोणतं औषध बरं ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून आम्ही शोधून काढतो आहोत. त्याआधी दोन वर्षं इटलीत हेच झालं होतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या जिस्सी चाचणीत तिथल्या १७६ हृदय अतिदक्षता विभागांनी मिळून ११ हजारांहून अधिक रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेज तपासलं. देशातले बहुतेक असे विभाग त्यात होते, चार नामवंत विद्यापीठांपुरतं ते काम राहिलं नाही. आडगावच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी फॉर्म भरले म्हणून पुढची कित्येक वर्षं आपल्या तालुक्याच्या गावी स्ट्रेप्टोकायनेजची कुपी फ्रीजमध्ये राहिली.

ही पुस्तिका हृदयरुग्णांशी रोज संबंध येणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टर, परिचारिका, अतिदक्षता विभागातले ब्रदर, ईसीजी आणि इको काढणारे तंत्रज्ञ, आरोग्यसेविका. क्लिनिकल ट्रायलमध्ये स्वतः सहभागी होण्याकडे, आपले रुग्ण सहभागी करून घेण्याकडे ही माणसं कशी पाहतात, हा तिचा विषय. रुग्ण चाचणीला तयार होतात की नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण रुग्णाला हा प्रश्न डॉक्टरच विचारणार. डॉक्टरने विचारलंच नाही तर त्याच्या होकाराला किंवा नकाराला जागाच राहत नाही. आणि आपल्याकडे तर ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ हेच बहुतेकांचं उत्तर. त्यामुळे अडलेलं दार रुग्णाच्या घराचं नाही, ते आपल्या कन्सल्टिंग रूमचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दार का अडतं, याची कारणं विचारली की पहिलं उत्तर वेळेचं येतं, आणि ते खोटं नाही. ज्या ओपीडीत सकाळपासून केसपेपरचा गठ्ठा हलत नाही, तिथे एका रुग्णापाशी अर्धा तास बसून चाचणी म्हणजे काय, चिठ्ठी कशी निघते, मध्येच बाहेर पडता येतं का, हे समजावायचं कोणी? त्यानंतर दर भेटीचा फॉर्म, दर तक्रारीची नोंद, रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी फोन. जयगडसारख्या ठिकाणचा रुग्ण महिन्याच्या तपासणीला रत्नागिरीला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून जातो. हंगामात तो बोटीवर असतो, गणपतीत मुंबईच्या पाहुण्यांत अडकलेला असतो, भातलावणीत चिखलात असतो. अशा माणसाला वर्षभर धरून ठेवायचं तर पगारी माणूस हवा, आणि छोट्या रुग्णालयाला तो परवडत नाही. हे सगळं मान्य केल्याशिवाय या विषयावर एक अक्षरही लिहू नये. डॉक्टर आळशी आहेत म्हणून चाचण्या होत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसून पाहावं.

दुसरं कारण नात्याचं. ‘मी चिठ्ठी टाकून औषध ठरवतो असं पेशंटला सांगितलं तर तो उद्यापासून दुसरीकडे जाईल,’ हे वाक्य कोकणातल्या डॉक्टरांकडून अनेकदा ऐकायला मिळतं. यात नुसती धंद्याची काळजी नाही. इथे डॉक्टर म्हणजे घरातला माणूस. आजोबांचा दमा, सुनेचं बाळंतपण आणि नातवाचा ताप त्याच दारात गेलेला असतो. अशा माणसाने ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणायचं, हे ऐकणाऱ्यापेक्षा म्हणणाऱ्यालाच जड जातं. तरी मला वाटतं, आपण रुग्णाला कमी लेखतो. दर्यावर जाणाऱ्या माणसाला अनिश्चितता समजावून सांगावी लागत नाही. त्याला राग येतो तो लपवाछपवीचा. कागदावर अंगठा घेतला आणि नंतर कळलं की आपण कुठल्या अभ्यासात होतो, तर ते तो विसरत नाही, आणि त्याने विसरूही नये.

तिसरं कारण सहसा बोलून दाखवलं जात नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे खात्री. ‘वीस वर्षं हेच देतोय, रुग्ण बरे होतात, आता चाचणी कशाला?’ या खात्रीची किंमत हृदयरोगशास्त्राने एकदा फार मोठी मोजली आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे ठोके चुकू लागले की पुढे अचानक मृत्यूचा धोका असतो, हे ठाऊक होतं. ठोके नियमित करणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधंही होती. ईसीजीवर चुकलेले ठोके नाहीसे होताना डोळ्यांना दिसत. तर्क इतका सरळ की अमेरिकेत कास्ट ही चाचणी सुरू झाली तेव्हा काही डॉक्टरांना रुग्णाला निष्क्रिय गोळी देणंच अनैतिक वाटलं. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ साली छापलेल्या अंतिम हिशेबात औषध घेतलेल्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावलेले होते, निष्क्रिय गोळी घेतलेल्या ७४३ पैकी २६. पट्टी सुधारत होती आणि माणसं मरत होती. ती औषधं चांगल्या हेतूने, चांगल्या डॉक्टरांनी, चाचणीच्या बाहेर कितीतरी रुग्णांना दिलेली होती. त्यांचा हिशेब कुठेही नाही, कारण तो कोणी ठेवला नव्हता.

ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही तिथे रुग्णाला औषध देणारा प्रत्येक डॉक्टर प्रयोगच करत असतो. चाचणीत तो प्रयोग लिहून ठेवला जातो, त्यावर दुसऱ्यांची नजर असते आणि रुग्णाला तो सांगितलेला असतो, एवढाच फरक.

‘हे मोठ्या शहरातलं काम, आपलं नाही,’ हे चौथं उत्तर. याला मुंबईचा दाखला देऊन भागणार नाही, तरी तो आधी देतो, कारण तो अभिमानाचा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम मांडला. ती मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांच्या वापरात होती. वकिलांनी ती मोजून पाहिली, रक्तदाबाचे आकडे लिहिले, आणि त्यांच्या त्या लेखामुळे जगभरच्या डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आजच्या निकषांवर तो अभ्यास अपुरा ठरेल, पण दृष्टी तीच होती: परंपरेने सांगितलं म्हणून मानायचं नाही, आणि परंपरेने सांगितलं म्हणून टाकायचंही नाही.

आता मुंबई सोडून मुंबई-गोवा महामार्गाने खाली यावं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातून आलेले तरुण डॉक्टर रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर लाल विंचवाने डसलेली माणसं येऊ लागली. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्यात, गवताच्या भाऱ्यात, कौलांच्या फटीत हा विंचू असतो, आणि पायताणं न घालता वावरणाऱ्या शेतकऱ्याला आणि लहान पोरांना तो गाठतो. हा विषय हृदयाचा आहे हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. विंचू चावला म्हणजे वेदना, मांत्रिक, उतारा, फार तर एखादं इंजेक्शन, असाच समज.

प्रत्यक्षात काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. या विंचवाच्या विषाने शरीरातल्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सुटतो. रुग्णाचे हातपाय बर्फासारखे गार पडतात, अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंग ताठ होतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मग रक्तदाब कोसळतो, फुप्फुसात पाणी भरतं, रुग्णाला आडवं पडवत नाही, तोंडातून गुलाबी फेस येतो. चांगला धडधाकट माणूस काही तासांत जातो. त्या काळी दिली जाणारी औषधं, म्हणजे ॲट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगी आणणाऱ्या इंजेक्शनांचं मिश्रण, यांनी फरक पडत नव्हता. गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत.

बावस्करांनी खाटेशी बसून दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, हातापायांचं तापमान आणि ईसीजी लिहून ठेवला. लक्षणांचा क्रम त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. पुढे १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. वेळेवर गोळी मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. ही गोष्ट महाराष्ट्रात बरीच सांगितली जाते. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ती पुन्हा सांगितली गेली.

या पुस्तिकेच्या दृष्टीने मात्र या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. विंचूदंशावर प्रतिविष, म्हणजे अँटीव्हेनम, उपलब्ध झालं तेव्हा ते द्यावं की प्राझोसिनवर भागवावं, याबद्दल कोकणातल्याच डॉक्टरांत मतभेद होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या डॉ. व्ही. एस. नातू आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या केईएमच्या तज्ज्ञांना बरोबर घेऊन प्रतिविषाची चाचणी केली. २००६ मध्ये आणि मग २०१० मध्ये त्यांचे लेख आले, आणि गंभीर रुग्णांत प्रतिविषाने लवकर आराम पडतो असं त्यांनी मांडलं. महाडहून प्राझोसिनच्या बाजूने लेख येत होते. असे वाद आपल्याकडे साधारणपणे परिषदेच्या जेवणाच्या पंगतीत मिटवले जातात, किंवा मिटतच नाहीत.

बावस्कर दांपत्याने तो चाचणीने मिटवला. महाडच्या त्यांच्या रुग्णालयात विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले, प्रत्येकी ३५ चे. एका गटाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटातल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं ओसरलेली होती, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ जणांची. बरं व्हायला पहिल्या गटाला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्याला सुमारे १८. २०११ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं.

ज्या गोळीवर स्वतःचं नाव झालं, जिच्यावर पंचवीस वर्षं लिहिलं, तीच गोळी एकटी पुरेशी नाही असा निष्कर्ष स्वतःच्या रुग्णालयातून, स्वतःच्या सहीने त्यांनी बाहेर पाठवला. मला चाचणीकडे पाहण्याच्या दृष्टिकोनाचं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. आणि हे घडलं ते तालुक्याच्या गावी, एका खासगी रुग्णालयात. या चाचणीतही उणिवा काढता येतील. रुग्ण थोडे होते, कोणाला काय दिलं ते डॉक्टरला आणि रुग्णाला दिसत होतं. पण हा आक्षेप घेता येतो तोसुद्धा त्यांनी पद्धत उघडपणे लिहून ठेवली म्हणूनच. तोंडी सांगितलेल्या अनुभवावर आक्षेप घ्यायलाही जागा सापडत नाही.

आता अविश्वासाचा भाग, आणि इथे मी डॉक्टरांची बाजू घेणार नाही. दोन हजारच्या दशकात भारतात औषध कंपन्यांच्या चाचण्या झपाट्याने वाढल्या, आणि त्यांतल्या काही ठिकाणी गरीब रुग्णांना आपण चाचणीत आहोत हेच सांगितलं नव्हतं असे गंभीर आरोप झाले. इंदूरमधल्या अशाच प्रकरणांवरून पुढे आलेल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने सरकारला फटकारलं, आणि २०१३ पासून नुकसानभरपाईचे, संमतीच्या ध्वनिचित्रमुद्रणाचे नियम आले. काही काळ चाचण्यांची मंजुरी जवळजवळ थांबली. त्या वर्षांत अनेक चांगल्या डॉक्टरांनी ‘नको ती भानगड’ म्हणून हात काढून घेतले, आणि ते हात अजून आखडलेलेच आहेत.

त्या डॉक्टरांची भीती समजण्यासारखी आहे, पण त्या रुग्णांचा राग अधिक न्याय्य होता. रुग्णामागे कंपनीकडून डॉक्टरला किती पैसे मिळतात, हे रुग्णाला सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्याला ते सांगायला संकोच वाटतो त्याने ती चाचणी घेऊ नये. पैशाचा भाग उघड झाला की उरलेलं बोलणं सोपं होतं.

नियम आता पूर्वीपेक्षा स्पष्ट आहेत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची झाली. रुग्णही ती इंटरनेटवर पाहू शकतो. २०१९ च्या नव्या औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई बंधनकारक केली. आधीच मान्यता असलेल्या औषधाचा नवा उपयोग किंवा नवी मात्रा केवळ अभ्यासासाठी तपासायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी पुरते, दिल्लीची वेगळी परवानगी लागत नाही. ही तरतूद आपल्यासारख्यांसाठीच आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नाही.

त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे. ज्या रुग्णालयाची स्वतःची नैतिकता समिती नाही, त्याला त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या परिघातल्या दुसऱ्या समितीची मंजुरी घेता येते. नकाशावर जयगडला टाचणी टोचून हा परीघ काढला तर रत्नागिरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यात येतं आणि सावर्डे-डेरवणचं वालावलकर महाविद्यालयही येतं. रत्नागिरीचं महाविद्यालय अगदी अलीकडचं, २०२३ मधलं. म्हणजे ‘आमच्याकडे ती व्यवस्था नाही’ हे उत्तर दहा वर्षांपूर्वी खरं होतं, आज तितकं खरं नाही.

परिचारिकांबद्दल या विषयावरच्या लिखाणात फार थोडं सापडतं, आणि ही मोठी चूक आहे. संमतिपत्रावर सही डॉक्टर घेतो. पण डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर ‘सिस्टर, हे घेऊ का हो मी?’ हा प्रश्न परिचारिकेला विचारला जातो. तिला चाचणी पटलेली नसेल, किंवा तिला कोणी काही सांगितलंच नसेल, तर ती खांदे उडवते, आणि ते खांदे उडवणं रुग्ण डॉक्टरच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा जास्त मनावर घेतो. रात्री तीन वाजता रक्तदाबाची नोंद तीच करते. औषध दिल्याची वेळ तीच लिहिते. ती नोंद चुकली तर सगळी चाचणी चुकली. तरी लेखाच्या शेवटी तिचं नाव क्वचितच असतं. चाचणीच्या पहिल्या बैठकीत परिचारिका आणि तंत्रज्ञ बसलेले नसतील तर ती चाचणी सुरू करू नये, इतकं स्पष्ट मी म्हणेन.

आपल्या रुग्णांचा पुरावा आपणच का गोळा करायचा, हा प्रश्न उरतो. बाहेर झालेल्या चाचण्यांचं उत्तर आपल्याला चालत नाही का? पुष्कळदा चालतं. ॲस्पिरिन रक्त गोठण्याला आडकाठी करतं ते ऑक्सफर्डमध्येही आणि जयगडजवळच्या वाटद-खंडाळ्यातही. पण औषध काय करतं आणि ते रुग्णापर्यंत कसं पोचतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २००१ ते २००५ या काळात भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ केंद्रांनी मिळून क्रिएट नावाची नोंदवही ठेवली. ही चाचणी नव्हती, पण डॉक्टरांनी स्वखुशीने नोंदी केल्या म्हणून ती उभी राहिली. २०,४६८ रुग्ण. सरासरी वय साडेसत्तावन्न, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त वेळ लागलेला. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. उपचारांतला फरक हिशेबात धरला की हा फरक नाहीसा होत होता. गरीब माणूस दगावतो तो त्याच्या रोगाने नव्हे, त्याला मिळालेल्या कमी उपचाराने, हे कोणी भाषणात सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. आकड्यांत सांगितलं म्हणून ते नाकारता येत नाही. २००८ साली लॅन्सेटमध्ये ते छापलं गेलं.

ती ८९ही केंद्रं शहरांतली होती. खाडीच्या टोकाला राहणारा माणूस त्यात नाही.

केरळने एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या ६३ रुग्णालयांनी, त्यांत लहान रुग्णालयंही होती, हृदयविकाराच्या झटक्यावरचे उपचार ठरलेल्या यादीप्रमाणे, तपासणीपत्रक ठेवून दिले तर फरक पडतो का, हे २१,३७४ रुग्णांत तपासलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतींत लक्षणीय फरक पडला नाही. अनेकांना हे अपयश वाटेल. मला नाही वाटत. इतक्या रुग्णालयांतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी आपलं काम मोजायला दिलं, आणि आलेलं उत्तर मनासारखं नसतानाही छापलं. त्या तयारीला मी यशच म्हणेन.

आपल्या किनारपट्टीचे प्रश्न कोणी बाहेरून येऊन विचारणार नाही. सहा-सहा दिवस दर्यावर असलेल्या तांडेलाने रक्तदाबाची गोळी कशी घ्यावी? लहानपणी सांधेज्वर होऊन झडप बिघडलेल्या बाईला दर महिन्याला रक्ताची तपासणी करायला जमत नसेल, तर रक्त पातळ करण्याचं कोणतं औषध तिला सुरक्षित? वाटद-खंडाळ्याच्या दवाखान्यातच झटक्याचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवावं की थेट गाडीत घालावं, या रस्त्यावर, या वेळेत? यातल्या दुसऱ्या प्रश्नाशी मिळत्याजुळत्या प्रश्नावर २४ देशांत मोठी चाचणी झाली. इन्व्हिक्टस तिचं नाव, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सांधेज्वराने बिघडलेली झडप आणि अनियमित ठोके असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांत नवं, तपासणी न लागणारं औषध आणि जुनं, वारंवार तपासणी लागणारं औषध यांची तुलना केली. अनेकांना वाटत होतं नवं सोयीचं आहे म्हणजे तेच बरं ठरेल. जुन्या औषधावरचे रुग्ण अधिक जगले. गरीब देशांतल्या डॉक्टरांनी आपले रुग्ण दिले नसते तर हे कधीच कळलं नसतं, कारण श्रीमंत देशांत हा आजार आता फारसा उरलेला नाही.

पुढच्या प्रकरणांत संमतिपत्र सोप्या मराठीत कसं लिहावं, चिठ्ठी पद्धत रुग्णाला कशी सांगावी, नोंदी कशा ठेवाव्यात आणि नैतिकता समितीकडे अर्ज कसा करावा, हे क्रमाने येईल. ते वाचण्याआधी वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या दवाखान्यात किंवा विभागात हृदयरुग्णांबाबत रोज पडणारा, पण ज्याचं उत्तर तुम्हाला खात्रीने माहीत नाही, असा एक प्रश्न कागदावर लिहा. त्यावर तुमच्या सिस्टरशी आणि ईसीजी काढणाऱ्याशी बोला. त्यांना तो खरा वाटला, तर तो कागद रत्नागिरीच्या किंवा डेरवणच्या महाविद्यालयातल्या औषधशास्त्र विभागाकडे पाठवा आणि विचारा की हे आपण मिळून शोधायचं का.